सख्ख्या भाषेचं हसं

हेलसिंकी, २ सप्टेंबर १९९१

प्रिय हेल्का,

तुझ्याकडे एक मागणं आहे, पण त्याआधी थोडं समजावून सांगू दे. मागच्या उन्हाळ्यात तू विचारलं होतंस, ‘तुझे हे भाऊबंद नक्की आहेत तरी कोण?’ मी जेवणाच्या टेबलावर उत्तराला सुरुवात केली आणि तू गायींचं निमित्त काढून उठून गेलीस. पत्रातून तुला उठता येणार नाही.

एक मोठं घर डोळ्यांसमोर आण. ते नेमकं कुठे होतं यावर आम्ही अभ्यासक अजून भांडतो. पण पुष्कळ पूर्वेला, व्होल्गा नदीच्या अंगाला किंवा त्याच्याही पलीकडे, हे बहुतेकांना मान्य आहे. त्या घरातून माणसं हजारो वर्षांत टप्प्याटप्प्याने बाहेर पडली. हंगेरियनांचे पूर्वज फार लवकर निघाले. कोमी, उदमुर्त, मारी, मोर्दवा आपापल्या नद्यांकाठी राहिले. सामी उत्तरेला गेले. आणि अगदी शेवटपर्यंत एका चुलीवर जेवत राहिले ते बाल्टिक समुद्राजवळचे आपण सारे: फिनिश, एस्टोनियन, कारेलियन आणि वेप्स. म्हणून हंगेरियन ही आपली इतकी लांबची चुलत बहीण, की लग्नाला बोलावली तर ओळख करून द्यावी लागेल. तरीही तिचा हात हातात घेऊन बघ. आपण हाताला ‘कॅसि’ म्हणतो, वेप्स ‘कॅझि’, मारी ‘कित’ आणि ती ‘केझ’. मासा आपल्याकडे ‘काला’, वेप्सकडेही ‘काला’, मारींकडे ‘कोल’, तिच्याकडे ‘हॉल’. अशी शब्दांची एकेक जोडी जुळताना पाहिली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. आणि एक गोष्ट विसरू नकोस: भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. चेहरे शेजाऱ्यांसारखे होत जातात. भाषा मात्र आजीसारखी राहते.

आता मागणं. ऑक्टोबरात तुमच्या गावच्या सभागृहात भाऊबंद-भाषांचा मेळावा आहे. त्यासाठी ओनेगा सरोवराच्या दक्षिणेकडच्या हाबयार्व खेड्यातून रैसा वासिल्येव्ना नावाच्या वेप्स शिक्षिका येत आहेत. त्या मंचावर आपल्या भाषेत बोलतील आणि लोकांना दुभाष्याशिवाय ती ऐकायला मिळेल. सुरुवातीला मी तो माझा नेहमीचा विनोद सांगणार आहेच: वेप्स म्हणजे हिवाळाभर कोठारात पडून राहिलेली फिनिश, शब्दांच्या शेपट्या तेवढ्या उंदरांनी खाल्ल्या! बाईंना दोन रात्री तुझ्याकडे ठेवून घेशील का?

तुझा,
ओर्वो

•

कोइविस्तोला, ९ सप्टेंबर १९९१

ओर्वो,

सख्खी, चुलत, लांबची, सगळं कळलं. ती कॉफी पिते का, ते तेवढं लिहायचं राहिलं. तीन पानांत ते मावलं नाही वाटतं!

ठेवून घेते की. आईच्या खोलीत झोपेल. शनिवारी आंघोळीला सौना तापवीन. राईची भाकरी आहे, लिंगनबेरीचा मुरंबा आहे. नि तुझ्या त्या हजारो वर्षांच्या प्रवासानंतर भूक तर लागलीच असेल बिचारीला. मेळाव्याच्या कॉफीचं काम आम्हा बायकांच्या गळ्यात पडलंय, त्यामुळे तुझं भाषण मला दाराआडूनच ऐकावं लागणार. माझं नशीब!

उंदरांचा विनोद तू माझ्या लग्नातही सांगितला होतास. तेव्हा एस्टोनियनवर होता.

हेल्का

•

हाबयार्व, २० सप्टेंबर १९९१

आदरणीय ओर्वो याल्मारोविच,

आपल्या वडिलांचं नाव विचारून घेतलं, ते यासाठीच. आमच्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर माझी आई स्वर्गातून खडसावेल. हे पत्र मी वेप्समध्ये लिहिते आहे. या भाषेत एवढं लांब पत्र मी आयुष्यात प्रथमच लिहिते आहे. बोलते रोज, लिहायला कुणी शिकवलंच नाही. चुका दिसल्या तर माझ्या समजा, भाषेच्या नव्हे.

मी का येते आहे ते स्पष्ट सांगते. वेप्सची नवी अंकलिपी छापून आली आहे. आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात, ‘पालक राजी असतील तर वर्ग काढा, माझी ना नाही.’ पण पालक राजी नाहीत. या भाषेची त्यांना लाज वाटते. बाजाराच्या गावात बस थांबली की खाली उतरायच्या आधीच आमची माणसं रशियनमध्ये बोलू लागतात. ट्रॅक्टरवाला गेन्नादी सभेत म्हणाला, ‘मास्तरीणबाई, शिकवाल हो! पण ऐकणार कोण? गाई?’ सगळे हसले. मीही हसले आणि मग घरी येऊन फार वाईट वाटलं.

आपलं निमंत्रण आलं तेव्हा मी त्याला सांगितलं, ‘फिनलंडमध्ये सभागृहभर माणसं ऐकणार आहेत.’ तो म्हणाला, ‘बरं, मग येऊन सांगा.’ वसंतात पुन्हा पालकसभा आहे. वर्ग निघणार की नाही हे तेव्हा ठरेल.

तिथे मी आईविषयी बोलणार आहे. सदतीस साली वरून हुकूम आला आणि आमच्या शाळेतली वेप्स पुस्तकं गोळा करून जाळली गेली. आई वर्गाची मॉनिटर होती. पुस्तकं शेगडीपर्यंत नेण्याचं काम तिला सांगण्यात आलं आणि तिने ते केलं. मरेपर्यंत ती आपले हात हुंगायची. ही गोष्ट मी अजून कोणत्याच भाषेत कुणाला सांगितलेली नाही. नातेवाइकांपुढे सांगावी असं वाटलं.

आपली,
रैसा

•

हेलसिंकी, २८ ऑक्टोबर १९९१

आदरणीय रैसा वासिल्येव्ना,

आपण सुखरूप पोहोचला असाल. मेळावा संपून नऊ दिवस झाले तरी माझा उत्साह ओसरलेला नाही. आपण सभागृह जिंकलंत! आमचे लोक किती अबोल असतात हे आपण पाहिलंतच. इतकी मोकळी, आनंदी दाद मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकली आहे. कार्यक्रमानंतर कितीतरी जण येऊन म्हणाले, ‘अहो, जवळजवळ सगळं कळलं की!’ भाषांच्या नात्याचा याहून सुंदर पुरावा मी व्याख्यानांतून कधी देऊ शकलो नाही.

स्थानिक रेडिओवाल्यांनी सगळं फितीवर घेतलं आहे. शास्त्राच्या दृष्टीने ती अमोल ठेव आहे. आपल्या भाषणाचं व्याकरणाच्या अंगाने टिपण तयार करण्याची परवानगी द्याल का?

कृतज्ञ,
ओर्वो हाउताला

•

हाबयार्व, १७ नोव्हेंबर १९९१

आदरणीय ओर्वो याल्मारोविच,

हे पत्र रशियनमध्ये लिहिते आहे, राग मानू नये. मी सुखरूप पोहोचले. आपल्या भगिनींनी फार प्रेमाने ठेवलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. आपले लोक आनंदी आहेत.

टिपणाचं आपण ठरवा.

र. लोगिनोवा

•

हेलसिंकी, १ डिसेंबर १९९१

प्रिय हेल्का,

रैसा वासिल्येव्नांचं पत्र आलं. चार ओळी, त्याही रशियनमध्ये. सप्टेंबरातलं त्यांचं वेप्स पत्र किती जिवंत होतं! मी या बदलाची कारणं शोधून पाहिली. पहिली शक्यता वेळेची: शाळा, सरपण, बटाटे. दुसरी अशी की आपल्याकडचं सगळं पाहून त्यांना आपल्या गरिबीची लाज वाटली असावी. पाहुणचाराची परतफेड कशी करायची, असं वाटलं असावं. तिसरी शक्यता टपाल उघडून वाचलं जाण्याची. मला दुसरी सर्वांत सयुक्तिक वाटते. नाताळाला कॉफी आणि आमचा मोठा वेप्स शब्दकोश पाठवावा म्हणतो. त्यांनी तुझ्याकडे काही बोलून दाखवलं होतं का?

ओर्वो

•

कोइविस्तोला, ८ डिसेंबर १९९१

ओर्वो,

तू विचारलंस म्हणून सांगते. तू विचारलं नसतंस तर बहुधा मी सांगितलंही नसतं, आणि त्याची मला लाज वाटते.

मी दाराआड कॉफी गाळत होते. आतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, तुझा उंदरांचा विनोद चाललाय. तो संपला. मग बाईंचा आवाज सुरू झाला, आणि पुन्हा हसू. त्या थांबल्या, हसू थांबलं. त्या बोलल्या, पुन्हा हसू. माझ्यासोबत कॉफीला असलेल्या लीसाला म्हटलं, ‘फारच विनोदी दिसतेय गं ही!’ नि ट्रे घेऊन आत डोकावले. ओर्वो, त्या हात पुढे धरून उभ्या होत्या. काहीतरी ओझं न्यावं तसे. चेहरा असा, की आपल्याकडे मयताच्या दारातही दिसत नाही. आणि खाली सगळे हसतायत! दुष्टपणाने नव्हे रे. लहान मूल बोबडं बोलतं तेव्हा हसतात ना, तसे. पहिल्या रांगेत तू.

मी काही संत नाही. आत बसले असते तर मीही हसले असते. तूच तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की आता मजा येणार आहे.

रात्री सौनातून आल्यावर त्यांनी काही खाल्लं नाही. सगळे कप मात्र धुतले. मी म्हटलं, ‘राहू दे बाई, पाहुणीने भांडी घासायची नसतात.’ त्यांनी हात थांबवला नाही. ‘थकलीस का?’ विचारलं, तर आपल्या बोलीत काहीसं म्हणाल्या, आणि मला शब्दन्‌शब्द कळला: ‘तुमचे लोक आनंदी आहेत.’

गरिबीची लाज कसली घेऊन बसलास! आणि शब्दकोश पाठवू नकोस. त्यांची भाषा त्यांना येते.

हेल्का

•

हेलसिंकी, १२ जानेवारी १९९२

प्रिय हेल्का,

मी फीत मागवून ऐकली. ध्वनिग्राहक पहिल्या रांगेजवळ होता, म्हणून सर्वांत स्पष्ट येतं ते माझंच हसू. मोठं, पोटातून आलेलं, समाधानी. त्या ‘शेगडी’ म्हणतात तिथे मी हसतो. मला वेप्स उत्तम येते, हेल्का. सभागृहातल्या इतरांना ‘कळलं नाही’ अशी सबब आहे. मला नाही. सप्टेंबरातच त्यांनी ती गोष्ट मला लिहून कळवली होती! मी शब्दांचे शेवट ऐकत होतो. वाक्यांचे शेवट ऐकलेच नाहीत.

त्यांना क्षमा मागणारं पत्र टाकलं. पहिला मसुदा सहा पानांचा झाला. त्यात हसण्याची भाषाशास्त्रीय कारणं होती: जवळच्या भाषा एकमेकींना नेहमी विनोदी वाटतात, एस्टोनियनांना आपली फिनिशही वाटते, वगैरे. सगळं खरं होतं. फाडून टाकलं. दुसरं पत्र अर्ध्या पानाचं गेलं.

या आठवड्यात पहिल्या वर्षाला वेप्सवरचं व्याख्यान होतं. विनोदाची जागा आली आणि मी गप्प उभा राहिलो. मुलं वाट पाहत होती. तो विनोद त्यांनी वरच्या वर्गाकडून ऐकलेला आहे, हे माझ्या लक्षात आलं. कारण मी काही बोलायच्या आतच ती हसली.

ओर्वो

•

हाबयार्व, २ फेब्रुवारी १९९२

आदरणीय ओर्वो याल्मारोविच,

आपलं क्षमापत्र मिळालं. आमच्या देशाचं नाव बदललं आहे, पण टपाल अजून येतं.

क्षमा ठीक आहे. मला दुसरं काही हवं आहे, आणि ते मागताना मला आपल्याहून जास्त लाज वाटते आहे.

परत आले तेव्हा बस थांब्यावर गेन्नादी भेटला. म्हणाला, ‘काय बाई, ऐकलं का कुणी?’ आणि मी म्हणाले, ‘सभागृह भरलं होतं. टाचणी पडली तर आवाज येईल इतकं शांत. शेवटी सगळे उठून उभे राहिले.’ हे असं कसं बोलले, माझं मलाच कळलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पहिल्यांदाच बायका दुकानाच्या रांगेत एकमेकींशी वेप्समध्ये मोठ्याने बोलू लागल्या. मी ऐकलं. खोटं होतं, आणि त्यातून हे खरं निघालं होतं.

आता ते म्हणतात, ‘फीत असेल ना? फिन लोक सगळं टिपून ठेवतात. पालकसभेत लावा.’ नाही म्हणायला मला कारण उरलेलं नाही. आपल्याकडे यंत्रं आहेत. फितीवरचं हसू कापून पाठवा. एवढंच करा. पुन्हा काही मागणार नाही.

रैसा

•

हेलसिंकी, १ मार्च १९९२

आदरणीय रैसा वासिल्येव्ना,

आपण जे मागितलंत ते करायचं मी ठरवलं होतं. आजवर मी कुठल्याही नोंदीत एका स्वल्पविरामाचाही फेरफार केलेला नाही. यावेळी करणार होतो, आणि त्याबद्दल मला तिळमात्र खंत नव्हती. रेडिओच्या ध्वनिमुद्रकाकडे दोन दिवस बसलो. तो तरुण, कामात तरबेज, बोलायला तिखट. थोडं ऐकून म्हणाला, ‘भाषणाच्या आधीचं हसू उडवतो, ते सोपं आहे. टाळ्याही लावून देतो, हव्या तेवढ्या. पण पुढचं जमणार नाही.’

‘का?’

‘एकाच फितीवर दोघं आहेत ना. बाई बोलतायत त्याच्यावरच लोक हसलेत. हसू कापलं की बाई पण जातात.’

मी म्हटलं, ‘जिथे जातात तिथे थोडं थोडं कापा.’

त्याने कापून दाखवलं. आपली आई वर्गातून पुस्तकं उचलते, आणि थेट पुढचा वसंत येतो. मधली वाट नाही, शेगडी नाही, हात नाहीत. ‘आता गोड झालंय,’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ‘त्या मोठ्याने हसणाऱ्या माणसाला तुम्ही ओळखता का हो?’ मी हो म्हटलं.

तेव्हा दोन्ही फिती पाठवतो आहे. लहान फीत आपण मागितलेली. तिच्यात हसू नाही आणि आपली आईही नाही. मोठी फीत जशीच्या तशी आहे. कोणती लावावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. फक्त एवढं सुचवतो: मोठी लावणार असाल तर मी स्वतः येईन, पालकांसमोर उभा राहीन आणि त्यांना सांगेन की लाज वाटायची ती आम्हाला वाटली पाहिजे, त्यांना नव्हे. वर्गाच्या उद्‌घाटनालाही आनंदाने येईन. आपण फक्त दिवस कळवा.

ओर्वो हाउताला

•

हाबयार्व, ५ एप्रिल १९९२

ओर्वो याल्मारोविच,

पुन्हा वेप्समध्ये लिहिते आहे. सभा काल झाली.

घरून निघताना लहान फीत पिशवीत घातली होती. शाळेत पोहोचेपर्यंत तीच लावायचं ठरलं होतं. मग यंत्रापुढे उभी राहिले आणि मला वाटलं, पुस्तकं शेगडीत घालायला कुणीतरी पुन्हा सांगतंय, या वेळी मला. मी पळत घरी जाऊन दुसरी घेऊन आले. सगळे थांबले होते. गेन्नादी म्हणाला, ‘बाई, मधेच दूध काढायला गेल्या होत्या काय?’

फीत सुरू झाली. पहिलं हसू आलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघी तरण्या आयाही हसल्या. हसू लागतंच ना एकाचं दुसऱ्याला. मग मी काय सांगते आहे ते त्यांना कळलं. आपल्या लोकांना नाही कळलं, त्यांना कळलं. सगळीकडे शांत झालं. फितीवर मात्र हसू चालूच. गेन्नादी उठला. ‘हे का हसतायत? काय सांगताय ते समजत नाही का यांना?’

‘बऱ्याच जणांना नसेल समजलं,’ मी म्हटलं.

‘मग नातलग कसले हे?’

तो म्हणाला, ‘आणि टाचणीचा आवाज कुठाय? उभे राहिले होते ना सगळे?’ मी म्हणाले, ‘खोटं बोलले मी.’ भर सभेत, मुलांच्या आयांसमोर. माझे कान इतके तापले की खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तोच म्हणाला, ‘पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर फीत मागवत जाऊ नका, मास्तरीणबाई.’ कुणी हसलं नाही.

मग दुकानातली एक बाई, वाल्या, बोलली. सहसा बोलत नाही. म्हणाली, ‘माझा पोरगा आजीला असाच हसतो. अगदी असाच आवाज. मी कधी त्याला गप्प बस म्हटलं नाही.’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘राजी असाल तर हात वर करा.’ हात वर झाले. सगळे नव्हेत, पण पुरेसे. गेन्नादीने सर्वांत शेवटी केला. म्हणाला, ‘काढा वर्ग. पण बघायला पाहुणे आणू नका.’

वर्ग सोमवारपासून आहे. आपण दिवस विचारला होतात. येऊ नका.

हेल्कांना पाहिजे तर येऊ देत. त्यांना कप धुवायला लावीन. गेन्नादीच्या अटीतून तेवढी पळवाट मी काढीन. पण आपण नको. आपल्यावर राग आहे म्हणून नव्हे. मुलं पहिल्यांदा वाचतील तेव्हा अडखळतील, शब्द तोडतील, भलतेच आवाज काढतील. आपण हसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी आपण मागे बसलेले दिसलात, तर मी आपण हसता का तेच ऐकत बसेन. मला मुलांचं ऐकायचं आहे.

रैसा

•

हेलसिंकी, २१ एप्रिल १९९२

आदरणीय रैसा वासिल्येव्ना,

पत्र मिळालं. मी येणार नाही.

ओर्वो